सायलीची गिटार आणि एक साइझ मोठी बॅग

"रविवारी गिटार घेऊन घरी ये, आईबाबा असतील," सायली फोनवर म्हणाली आणि तिथेच माझी धांदल सुरू झाली. ती शिकायला बाहेरगावी गेली तेव्हापासून तिची गिटार बाळकुमला आमच्या कपाटावर, चादरीत गुंडाळून. "बाबांना सांगितलंय, तू ती जिवापाड सांभाळतोस. कॉलेज अर्धवट सोडलंस तेही सांगितलंय." म्हणजे डोंबिवलीला तिच्या घरी पोहोचेपर्यंत त्या लाकडावर एक ओरखडा उठला, की जावई म्हणून माझा निकाल लागला.

शनिवारी सकाळी चुलतभाऊ भूषणच्या स्कूटरवर बॅग शोधायला निघालो. माप लावून बघायचं म्हणून गिटार सोबत, चादरीसकट माझ्या मांडीवर. माजिवड्याच्या सिग्नलला शेजारच्या रिक्षातल्या मावशी ओरडल्या, "अरे, बाळाचं तोंड तरी झाक, केवढी धूळ आहे!" भूषण हसून हसून वाकडा झाला. स्कूटरही झाली. मी गिटार छातीशी आवळली.

नौपाड्यातल्या गिटारच्या दुकानात जायचं तर गाडी लांब लावून चालत जा, दुकानासमोर जागा मिळत नाही. तिथे होतं नुसतं रेनकोटसारखं कव्हर. चिमटीत धरलं तर बोटाला बोट लागलं.

"यात गिटार वाचेल?"

"कॉलेजची सगळी पोरं हेच नेतात."

"मी कॉलेजात नाहीये!" एवढ्या जोरात बोललो की भूषणने दंडाला धरून बाहेर काढलं. "तो कव्हर विकतोय रे, तुझी मार्कशीट नाही मागत."

मग परत बाळकुम नाका, कशेळीचा पूल आणि भिवंडीवरून कल्याण. रस्ता खोदलेला, कंटेनर अंगावर येतात. सकाळी लवकर निघालात तर बरं. कोनगावात मिसळ खाल्ली. झणझणीत होती म्हणे. मी एका हाताने खाल्ली, दुसरा गिटारीवर.

कल्याणच्या बाजारपेठेत हवी तशी बॅग मिळाली. जाड फोम, गिटारीच्या मानेखाली उशी, तळाला रबर, पट्टे दुहेरी शिवलेले. अशी बॅग दीडेक हजारात येते. पण साइझ दोन होत्या.

"मोठी घे," भूषण म्हणाला. "शाळेचा युनिफॉर्म कसा घ्यायचो? वाढत्या अंगाचा."

"बरोबर बोलतोय भाऊ," दुकानदार म्हणाला. "उद्या मोठी गिटार घेतलीस तर?"

मलाही पटलं. आमच्या घरात चप्पलसुद्धा कधी मापाची आली नाही.

दुर्गाडी पूल उतरलो, पहिला खड्डा लागला आणि पाठीवर आवाज आला. ठक.

"थांबव!"

"काय झालं?"

चेन उघडून बघायची हिंमत होईना. "काही नाही. चल." मग प्रत्येक खड्ड्याला ठक. पाठीमागून कुणी दार वाजवतंय आणि मी उघडत नाहीये, असं घरापर्यंत.

घरी आईने चेन उघडली, मी भिंतीकडे तोंड करून उभा. "अरे, बघ तरी. धड आहे." एक खुंटी फिरलेली, तार सैल पडलेली, बस्स. पण बॅग हलवली की आत गिटार सरकत होती. बदलायला पुन्हा त्याच रस्त्याने जायचं? शक्यच नव्हतं. लहानपणापासून आईबरोबर माशांचे थर्माकोलचे खोके भरलेत मी. आत रिकामी जागा राहिली की मासा हलतो आणि फुटतो, हे मला माहीत होतं. तरी युनिफॉर्मच्या हिशोबाने बॅग आणली! वाचणाऱ्यांनो, मापाचीच घ्या.

आईने मासळीबाजारात नेसायची सुती साडी काढून दिली. "धुतलेली आहे. मऊ झालीय." मी ती गिटारीच्या बाजूंनी दाबून बसवली. बॅग हलवली. आवाज नाही.

"कोणाची रे गिटार, आता तरी सांग."

"डोंबिवलीला द्यायचीय."

"बरं. जेवायला बसवलं तर नाय बोलू नको."

रविवारी आई पहाटेच बाजाराला गेली. मी इस्त्रीचा शर्ट घालून बॅगेसमोर बसलो. डोंबिवलीच्या त्या हॉलमध्ये तिचे बाबा चेन उघडणार. आधी साडी दिसणार, मग वास. मी साडी नाकाला लावली. साबणाचा वास होता आणि त्याखाली आमचा, माशांचा.

साडी काढली. टॉवेल कोंबला. बॅग हलवली.

ठक.

टॉवेल काढून फेकला. साडीची घडी उलगडून पुन्हा गिटारीभोवती नीट बसवली, मानेपाशी पदर दुमडला आणि चेन ओढली. बॅग पाठीवर घेतली, पट्टे घट्ट केले. पट्ट्याची कडी दोनदा चुकली, तिसऱ्यांदा बसली. मग बाहेर आलो आणि दार ओढून घेतलं.