भरलेली वाटी

उद्या परमेश्वर प्रत्यक्ष प्रकट झाला, तर त्याच्याकडे रेसिडेंट कार्ड मागणारा एकच माणूस साऱ्या मस्कतात निघेल, आणि तो माझ्या बायकोचा मामा असेल. कार्ड दाखवलं तरी मामा ते उलटंपालटं करून बघतील. अल खौदला ते आमच्याच बिल्डिंगीत, तिसऱ्या मजल्यावर एकटे राहायचे. दुकानातून आणलेली अंडी मोबाइलच्या उजेडात धरायचे, पाण्याच्या बाटलीचं सील दोनदा तपासायचे. मासे घेताना सुरमईचे कल्ले सगळेच उघडतात, मामा विकणाऱ्याच्या डोळ्यांतही बघायचे. आमच्याकडे चहाला आले की मी पहिला घोट घेईपर्यंत कपाला हात लावत नसत. चहा सख्ख्या भाचीने केलेला असे, आणि ती नंतर मलाच बोल लावत असे.

वादी कबीरच्या ज्या वर्कशॉपमध्ये त्यांनी तीस वर्षं एसी दुरुस्त केले, त्याचा अर्बाब, म्हणजे मालक, पक्ष्यांचा शौकीन असा ओमानी म्हातारा होता. त्याच्यावर मामांचा संशय पहिल्या दिवसापासून. ईदला खजूर पाठवले, तर जुने संपवतोय. तब्येत विचारली, तर माणूस बदलायचा विचार दिसतोय. मामांच्या निवृत्तीला चार महिने उरले असताना या अर्बाबाने त्यांना पिंजऱ्यासकट एक पक्षी भेट दिला. दक्षिण अमेरिकेतला केशरी फिंच, चिमणीएवढा, अंगाने पिवळाधमक, कपाळावर केशराचा टिळा. गातही फार गोड होता.

"फुकट कोण कोणाक काय देता रे?" मामा मला म्हणाले.

त्यांच्या मते ती रंगवलेली चिमणी होती. लहानपणी जत्रेत हट्टाने घेतलेल्या हिरव्या पक्ष्याचा रंग पहिल्या अंघोळीत उतरला होता, आणि ते दुःख त्यांनी पन्नास वर्षं जपलं होतं. आता रोज सकाळी ते ओल्या पांढऱ्या रुमालाने फिंचचं कपाळ पुसत आणि रुमाल खिडकीशी नेऊन न्याहाळत. रुमाल पांढराच राही. रंग पक्का वापरलाय, असा त्यांचा निष्कर्ष होता.

एक दिवस पक्षी गायचा थांबला. पिसं फुगवून पिंजऱ्याच्या तळाशी बसला. वाटी तर दाण्यांनी काठोकाठ भरलेली. खातच नाही म्हणजे आजारी पक्षी गळ्यात मारला, असं म्हणत मामांनी अर्बाबाला फोन करून तो परत न्यायला सांगितलं. त्यांचा हात मात्र पिंजऱ्यावरून हलत नव्हता.

म्हातारा तासाभरात आला, तीन जिने चढून, धापा टाकत. त्याने वाटी बाहेर काढली, तोंडापाशी धरली आणि हलकीच फुंकर मारली. वाटीतलं सगळं उडालं. ती नुसती टरफलं होती. हा पक्षी दाणा सोलून खातो आणि टरफल तिथेच टाकतो, त्यामुळे भरल्या वाटीसमोर तो बिचारा कालपासून उपाशी होता. अर्बाबाने खिशातून राळ्याची पुडी काढून वाटी भरली. पक्षी धडपडत वर आला, एक दाणा उचलला, मग दुसरा. मग कुठे आम्ही श्वास सोडला.

म्हातारा खुर्चीत टेकला. "तीस साल हमारे पे शक किया," तो शांतपणे म्हणाला, "कटोरी पे एक दिन नहीं किया?"

तेवढ्यात माझी बायको चहा घेऊन आली. मामांनी कुणाच्याही आधी कप उचलला आणि तसाच कढत चहाचा घोट घेतला.

आता मामा गावी असतात. पक्षी विमानातून नेता येईना, म्हणून तो माझ्याकडे ठेवला. रोज सकाळी त्यांचा व्हिडिओ कॉल येतो. "फुंकर मारलंस मां?" हो म्हटलं तरी भागत नाही, वाटी समोर धरून पुन्हा फुंकावं लागतं. टरफलं उडतात, पक्षी गातो, मामा ऐकत बसतात. मग जरा थांबून विचारतात, "म्हातारो बरो आसा मां?"

अर्बाब दोन महिने अंथरुणाला खिळून आहे. मी बरा आहे म्हणतो, आणि खोटं बोलल्याचं मला फार वाईट वाटतं. मामा "बरां" म्हणतात. याचा पुरावा मात्र ते कधीच मागत नाहीत.