ओल्या रंगावरची राख

ऊर्जानगरच्या आसपास राहणाऱ्याला खुर्चीवर बसण्याआधी ती हातानं पुसायची, हे शिकवावं लागत नाही. वीज केंद्राची राख सगळीकडे बसते. पूर्वी ती माझ्या चित्रांवरही बसायची. ड्यूटीवरून आलो की मी खिडकीशी कागद ओला करायचो आणि पेन्सिल न लावता थेट रंग सोडायचो. पाणी कुठं जाईल ते मलाही ठाऊक नसायचं. राखेचा कण पडला की रंग त्याच्याभोवती फुटायचा. मी फुटू द्यायचो. त्यातूनच कधी जंगल यायचं, कधी आभाळ.

मग लोक माझ्या चित्रांना चांगलं म्हणू लागले आणि मी खिडकी लावून घेतली. आधी पेन्सिल आली, मग खोडरबर. चित्रं स्वच्छ झाली आणि मेली.

रिटायर झाल्यापासून टेबलावर कागद ताणून लावलाय. ब्रश पाण्यात बुडवतो आणि झटकून तसाच ठेवून देतो. परवा बायको म्हणाली, "खिडकी काऊन बंद ठेवून राह्यले? राखेबिगर तुमचं चित्र जमलं का कधी?"

खिडकी तिनंच उघडली. दुपारपर्यंत कोऱ्या कागदावर राखेचा पातळ थर बसला. आता फक्त पाणी फिरवायचं आणि रंग सोडायचा, एवढंच उरलं होतं. मी हात पुढं केला आणि खुर्ची पुसावी तसा तो कागद पुसून काढला.

आता रोज पुसतो.