लाभांश वाढतो तेव्हा

रविवार. बरेच दिवस इथे काही लिहिलं नाही, माफ करा.

थोरला भाऊ गेल्यावर विम्याचे पैसे नवागामच्या वहिनींना मिळाले. घर त्यावरच चालायचं आहे. कपड्यांची दुकानं चालवणाऱ्या एका कंपनीचे शेअर मीच सुचवले होते, दरवर्षी वाढणारा लाभांश बघून. आज तिचा वार्षिक अहवाल नीट वाचला. नफा घटतोय आणि लाभांश कर्ज काढून दिला जातोय. आधी का नाही वाचला?

वहिनींना फोन करून सांगितलं, ते शेअर अजून घेऊ नका. त्या शांतपणे म्हणाल्या, "भाऊजी, तुमच्या दादांच्या शेठनेही कापड विणायचे लूम विकून दिवाळीला मोठा बोनस दिला होता. आम्ही पेढे वाटले. होळीला कारखान्याला कुलूप."

लाभांश वाढलेला दिसला की तुम्ही आधी काय तपासता?

उद्याचं काम: वहिनींसोबत बँकेत जाऊन मुदत ठेव करणे.