जुने पत्ते मोडू दिले नाहीत

गुलाबी बोंडअळीनं कपाशी पोखरली त्या वर्षांत वहिनी आणि मी घरूनच एक मराठी वेबसाइट चालवायचो. वहिनी शेतकी शिकलेली, म्हणून लिहिणं तिचं. मी यवतमाळात लोकांच्या वेबसाइट बनवून द्यायचे, म्हणून मांडणी माझ्याकडे. अळी कशी ओळखायची, सापळे कधी लावायचे, असं बरंच काही त्यावर होतं. पण सगळ्यात जास्त उघडलं जायचं ते एकच पान: फवारताना औषध अंगात गेलं तर आधी काय करायचं. मोबाइलवर मराठीत शोधलं की ते सगळ्यात वर यायचं.

ऐन फवारणीच्या दिवसांत साइट सांभाळणाऱ्या नागपूरच्या कंपनीनं जुनी यंत्रणा बंद करायचं ठरवलं. नव्या यंत्रणेत प्रत्येक पानाचा पत्ता बदलणार होता. तिथला इंजिनिअर फोनवर म्हणाला, "मॅडम, टेन्शन कायले घेता? नवी साइट टाकून देतो, सर्चमध्ये हळूहळू येतेच."

मी म्हणाले, "हळूहळू म्हणजे केव्हा? इकडे माणूस बांधावर चक्कर येऊन बसलाय, आणि त्याच्या फोनवर 'पान सापडत नाही' असं आलं तर? मी ते होऊ देणार नाही."

मग आम्ही जुन्या-नव्या पत्त्यांची यादी करायला बसलो. वहिनी जुनं पान उघडायची, मी त्याच मजकुराचा नवा पत्ता समोर लिहायची. जुन्या पत्त्यावर आलेला माणूस आपोआप नेमक्या नव्या पानावर जावा, कायमचा, असे रिडायरेक्ट लावायला आम्ही ती यादी कंपनीला पाठवली. साइटमधल्या आतल्या लिंकाही मी एकेक करून बदलल्या.

साइट बदलली आणि आमचं ते पान सर्चमध्ये खाली घसरू लागलं. मग दिसेनासंच झालं. का ते मला कळेना.

तेवढ्यात पांढरकवड्याहून एका चाचांचा फोन आला. फवारणीचे पंप दुरुस्त करायचं त्यांचं दुकान. म्हणाले, "ताई, तुमचं ते पान उघडूनच नाही राह्यलं. साइटचं पहिलं पान येते नुसतं. मी तर हरेक पंपावर त्याचा कोड चिकटवून देतो न!"

आम्हाला याचा पत्ताच नव्हता. दुसऱ्या दिवशी मी एसटीनं त्यांच्या दुकानात गेले. दुरुस्त झालेल्या पंपांवर छापील क्यूआर कोड चिकटवलेले होते. मी एक स्कॅन केला. थेट मुखपृष्ठ. इंजिनिअरनं काम वाचवायला सगळे जुने पत्ते एकाच ठिकाणी वळवले होते. आमचं पान संपलं, असंच सर्चनं धरलं असणार.

राग आला, पण भांडत बसले नाही. चाचा म्हणाले, "आता काय करता?"

"नागपूरला जाते."

तिथूनच गाडी पकडली. इंजिनिअरच्या शेजारी खुर्ची ओढून बसले. "एकेक पान त्याच्या जागी पाठवा. मी इथंच आहे." तो एकेक पत्ता लावायचा, मी माझ्या फोनवर उघडून बघायची. शेवटी तो म्हणाला, "वर्षभरानं हे काढून टाकू, चालेल न?"

"पंपांवरचे कोड खरडायला तुम्ही जाणार का?"

तो हसला. रिडायरेक्ट राहिले.

पान लगेच वर आलं नाही. मी रोज सकाळी चहाआधी शोधून बघायची, वहिनी विचारायची, मी नकारार्थी मान हलवायची. मग हळूहळू ते चढलं, आणि फवारणी संपायच्या आत पुन्हा पहिलं झालं.

त्यानंतर वणीकडच्या एका बाईंचा फोन आला. त्यांच्या नवऱ्याच्या अंगावर पंप गळला होता. "तुमचं पान पाहून कपडे काढले, साबणानं धुतलं, औषधाचा डबा घेऊन दवाखान्यात गेलतो. डबा पाहूनच डॉक्टरनं इलाज सुरू केला. आता बरे आहेत. पण सासूबाई त्याईले मिठाचं पाणी पाजून ओकवू राह्यल्या होत्या. ओकवू नका, हे लय खाली लिहिलं आहे तुम्ही. वर घ्या ते."

वहिनीनं फोन ठेवला आणि ती ओळ सगळ्यात वर, ठळक अक्षरांत घेतली.