समोरच्या काकूंचा पडदा

वाघोलीतल्या आमच्या सोसायटीत सगळ्यांचीच स्वयंपाकघरं हॉलमध्ये उघडी पडलेली आहेत. समोरच्या फ्लॅटमधल्या काकूंना ते कधीच पटलं नाही. "बिल्डरनं भिंत खाल्ली आणि तुम्ही त्याला फॅशन म्हणता," असं त्या येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवत. आधी त्यांनी ओट्यापुढे मनीप्लँटच्या कुंड्या रचल्या, मग बांबूची चटई टांगली आणि शेवटी दोन जुन्या साड्या जोडून जाड पडदा शिवला.

"एवढं काय लपवायचंय, काकू?" मी एकदा हसून विचारलं.

"तुला नाही कळायचं," म्हणाल्या आणि पडदा ओढून घेतला.

माझे बाबा गेले तेव्हा भेटायला येणाऱ्यांनी आमचा हॉल भरला. आई सकाळपासून सोफ्यावर ताठ बसून प्रत्येकाला तेच तेच सांगत होती. डोळ्यांत टिपूस नाही. काकू पिठलं-भात घेऊन आल्या, आईकडे एकदा बघितलं आणि पातेली ठेवून परत गेल्या. पुन्हा आल्या त्या स्वतःच्या घरातला पडदा दोरीसकट काढून घेऊन. स्टुलावर चढून त्यांनी तो आमच्या ओट्यापुढे बांधला. मग आईला दंडाला धरून आत नेलं.

"वहिनी, आता कुणी बघत नाही."

त्या बाहेर आल्या आणि मागून आईचा पहिला हुंदका ऐकू आला. मामा पाणी घ्यायला उठले. काकू पडद्याला पाठ लावून उभ्या होत्या.

"बसा," म्हणाल्या. "स्वयंपाकघर बंद आहे."