मावशीनं नाव दिलं

पाकीट आलं की ती आधी ते खिडकीच्या उजेडात धरायची. उलटं, सुलटं. मग पट्टीनं कड कापायची आणि मान मागे घेऊन आतला कागद बाहेर काढायची. "आधी बघावं, मग उघडावं," हे तिचं ठरलेलं वाक्य. दाताच्या डॉक्टरचं पत्रही त्यातून सुटायचं नाही.

शिकागोतल्या एका छोट्या वकिली ऑफिसात जुन्या फायली कॉम्प्युटरवर चढवायचं काम मला मिळालं होतं. ती तिथली क्लार्क. कृष्णवर्णीय, पन्नाशी ओलांडलेली. आम्ही तिला हसायचो. मग दोन हजार एकच्या ऑक्टोबरात टपालातून विषारी पावडर येत असल्याच्या बातम्या सुरू झाल्या, आणि आठवड्याभरात सगळं ऑफिस हातमोजे घालून पाकिटं उजेडात धरू लागलं. ती मात्र कुणाला हसली नाही.

सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर आमच्यासारख्या सावळ्या चेहऱ्यांकडे लोक संशयानं बघत, तेव्हा मला बसचीही भीती वाटायची. एकदा एक माणूस अगदी कानाशी येऊन "गो होम" म्हणाला. मी हे सांगितल्यापासून ती रोज मला स्टॉपपर्यंत सोडायला यायची, स्वतःची बस चुकवून. मी तिला मावशी म्हणू लागले. तिनं अर्थ विचारून घेतला आणि मग फोनवरसुद्धा "माऽशी बोलतेय" म्हणायला लागली.

पाकिटांची गोष्ट तिनं त्या स्टॉपवरच सांगितली. दक्षिणेतल्या तिच्या गावात काळ्या आणि गोऱ्या मुलांच्या शाळा वेगळ्या होत्या. त्याविरुद्धच्या खटल्यात तिच्या वडिलांनी नाव दिलं. कोर्टानं गोऱ्यांची शाळा उघडायला लावली आणि दहा वर्षांची ही आत गेली. थोड्याच दिवसांत तिच्या नावानं पाकीट आलं. तिला वाटलं, वाढदिवसाचं कार्ड. आत पेपरातून कापलेला तिचाच फोटो होता. डोळ्यांच्या जागी टाचणीनं भोकं पाडलेला.

आमच्या ऑफिसातला खटला त्याच्या उलट होता. शिकागोबाहेरच्या एका गावात कोर्टाच्या जुन्या हुकमामुळे काळ्या आणि गोऱ्या अशा दोन्ही वस्त्यांतली मुलं बसनं एका शाळेत यायची. आता शाळामंडळ म्हणत होतं, काम झालं, हुकूम उठवा. विरोध करायला पालक हवे होते. मावशीची नात त्याच बसनं जायची. तिला आई नव्हती, मावशीच पालक. विरोधाचा अर्ज मावशीनंच टाइप केला आणि नावाची जागा कोरी ठेवली. तीन दिवस तो कागद तिच्या टेबलावर होता. चौथ्या दिवशी पाहिलं तर जागा भरली होती.

नाव पेपरात आलं. दोन आठवड्यांनी ती एक पाकीट घेऊन माझ्यासमोर उभी राहिली.

"तू उघड. माझे हात ऐकत नाहीत."

आत एक चिठ्ठी. नातीच्या बसचा नंबर, स्टॉप आणि वेळ: सात चाळीस. बस्स, एवढंच. शिवी असती तर बरं वाटलं असतं.

वकीलसाहेब मला म्हणाले, "पाकीट तू उघडलंस, एवढं कोर्टाला लिहून देशील?"

घरी नवरा म्हणाला, "अगं, ग्रीन कार्ड पेंडिंग आहे. कोर्टात आपलं नाव कशाला? प्लीज, यार."

सकाळी मी नाही म्हणून सांगितलं. मावशी शेजारीच होती. "बरं केलंस," ती म्हणाली. तिच्या आवाजात मी राग शोधला. सापडला नाही, तेच जास्त लागलं.

साक्षीच्या दिवशी मी मागच्या बाकावर बसले होते. तिचा आवाज फुटत नव्हता. जज्जनी दोनदा मोठ्यानं बोलायला सांगितलं. तिच्या हातातला पाण्याचा ग्लास दातांवर वाजला, तो आवाज तेवढा सगळ्यांना ऐकू आला.

समोरच्या वकिलानं सौम्यपणे विचारलं, "आता काळ बदललाय. तरीही तुम्हाला भीती वाटते?"

"वाटते. दहा वर्षांची असल्यापासून."

"मग नाव का दिलंत?"

"वडिलांनाही वाटत होती," ती म्हणाली.

तुम्हीही धीट माणसं पाहिली असतील. मी पाहिलेलं सगळ्यांत धीट माणूस हे असं, दोन्ही हातांनी कठडा धरून उभं होतं.

हुकूम उठला. आम्ही हरलो. चिठ्ठी कुणी लिहिली ते शेवटपर्यंत कळलं नाही. शाळेचं वर्ष संपल्यावर ती नातीला घेऊन बहिणीकडे दुसऱ्या राज्यात गेली, आणि मग दोन-तीन फोन झाले, तेवढेच.

मी तिला शेवटचं पाहिलं ते त्या बसच्या शेवटच्या दिवशी. रजा काढून मुद्दाम गेले होते. नात आमच्यामध्ये दप्तर घेऊन उभी. तेवढ्यात एक करडी गाडी हळू झाली आणि काच खाली आली. मी नकळत एक पाऊल मागे सरले. मावशी पुढे झाली आणि नातीला पाठीशी घेऊन रस्त्याकडे तोंड करून उभी राहिली. त्या माणसाला फक्त पत्ता विचारायचा होता. तिनं तो नीट, खुणा करकरून सांगितला. तिच्या कोटाची मागची बाजू थरथरत होती.