रिलीव्हर आल्याशिवाय

प्लांटच्या वसाहतीत, सेक्टर दोनच्या आमच्या क्वार्टरमध्ये, रविवारी बाबा फ्रेंच हॉर्न हे पितळी वाद्य वाजवायचे आणि मी पियानो. आमच्या त्या एकुलत्या एका रचनेत हॉर्न मध्येच थांबतो आणि धून पियानो एकटा पुढे नेतो. बाबा थांबतच नसत. मी चिडायची, "बाबा, इथं तुम्हाले चूप बसाचं आहे!"

"रिलीव्हर आल्याबिगर जागा कशी सोडू, बेटा?"

बाबा प्लांटमध्ये क्रेन चालवायचे; पुढच्या पाळीचा बदली माणूस समोर उभा राहिल्याशिवाय क्रेनवरून उतरायचं नाही, हे त्यांच्या अंगात मुरलेलं. शेवटी मीच जरा आधी सुरू करू लागले. मग ते निवांत थांबत.

ते रिटायर झाले त्या रविवारी शेवटचा सूर दोघांनी एकदम धरला. माझा विरला, तरी बाबा ओढतच राहिले. आईनं स्वयंपाकघरातून येऊन त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"सोडा जी आता. मी आहो न."